वहिनींच्या ओट्याखाली

टीव्हीवरच्या वहिनींचा चेहरा घरोघरी ओळखीचा झाला होता. त्यांचे पाय मात्र जगात एकाच माणसाने मन लावून पाहिले, आणि तो माणूस म्हणजे त्यांचे यजमान. बाकीची दुनिया वहिनींना समोरून बघायची, कमरेपासून वर. यजमान बघायचे खालून, गुडघ्यांपासून खाली. कारण कार्यक्रम चालू असेपर्यंत ते ओट्याच्या पोटात, गॅसच्या सिलिंडरला टेकून, एका बुटक्या स्टुलावर बसलेले असायचे.

ते तिथे कसे जाऊन बसले, आणि तिथून बाहेर कसे आले, त्याची ही गोष्ट.

यजमान हाडाचे प्रॉम्प्टर. उभी हयात एका नाटक कंपनीच्या विंगेत गेली. हातात संहिता, डोळ्यांवर दोरीने बांधलेला चष्मा, आणि घशात अशी एक कुजबुज, की ती नटाच्या कानात नेमकी शिरायची आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला वाटायचं पंखा घरघरतोय. कंपनीत त्यांना सगळे कुजबुजराव म्हणत. पुढे पुढे तर शेजारीपाजारीही तेच म्हणायला लागले आणि खरं नाव फक्त दारावरच्या पाटीपुरतं उरलं.

प्रॉम्प्टरचं काम म्हणजे विसरलेलं वाक्य सांगणं, असं लोकांना वाटतं. तेवढं तर वाचता येणारा कुणीही करेल. खरं काम निराळंच आहे. नट थांबला, की तो विसरून थांबलाय की मुद्दाम थांबलाय, हे पापणी लवायच्या आत ओळखायचं. विसरला असेल आणि तुम्ही गप्प राहिलात, तर नट मेला. मुद्दाम थांबला असेल आणि तुम्ही बोललात, तर तुम्ही मेलात.

तरुणपणी कुजबुजराव एकदा असे मेले होते. कंपनीचे थोरले नट एका प्रवेशात भावाच्या मृत्यूची बातमी ऐकून थांबले. लोक श्वास रोखून बसलेले. त्या थांबण्यासाठी तर तिकीटबारीवर झुंबड उडायची. आणि विंगेतून आमच्या नवशिक्या पोराने पुढचं वाक्य सोडलं. पडदा पडल्या पडल्या थोरल्या नटांनी कमरेची लाकडी तलवार काढून त्याच्या पाठीत घातली.

“गाढवा, मी थांबलो होतो! अडलो नव्हतो!”

“फरक कसा ओळखायचा, मालक?” पोराने पाठ चोळत विचारलं.

थोरल्या नटांनी तलवार पुन्हा कमरेला खोचली. राग उतरला असावा. म्हणाले, “माझ्या तोंडाकडे बघत जाऊ नकोस. तोंडाने खोटं बोलण्यात जन्म गेला माझा. पाय बघ.”

त्या दिवसापासून कुजबुजरावांनी पाय बघितले. आणि त्यांना सापडलं ते असं : मुद्दाम थांबलेल्या नटाच्या टाचा जमिनीला घट्ट असतात. विसरलेल्याच्या टाचा मात्र किंचित उचलल्या जातात. इतक्या किंचित, की खालून कागद सरकवावा. जणू हरवलेलं वाक्य कुंपणापलीकडे पडलंय आणि माणूस चवड्यांवर उभा राहून ते शोधतोय. ही खूण त्यांनी आयुष्यात कुणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही. विद्येला पाय फुटले की ती विद्या राहत नाही, असं त्यांचं म्हणणं.

बायको एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मुख्य स्वयंपाकीण होती. एवढाल्या पातेल्यांत डाव फिरवून फिरवून मनगटं पहिलवानासारखी झालेली. हाताला चव अशी, की परीक्षा संपली तरी मुलं दोन दिवस घरी जायचं टाळायची. पण स्वभाव एकदम मुलखावेगळा. हात चालायला लागला, की तोंड बंद. चुलीपाशी कुणी काही विचारलं तर “हं” नाहीतर “उंहू”. एरवी बोलायला लागली की भिंतीसुद्धा कान झाकून घेतील. लेक म्हणायची, “आई, तुझ्या तोंडाचं आणि हाताचं बटण एकच आहे का गं?”

मग कंपनी बंद पडली. थोरले नट गेले, धाकट्यांना मालिका मिळाल्या, पडदे विकले गेले. कुजबुजराव घरी बसले. नुसते बसले असते तर एक वेळ ठीक होतं. पण ते खिडकीपाशी बसून ओठ हलवत राहायचे. आवाज नाही, नुसते ओठ. जुनी नाटकं पहिल्या अंकापासून शेवटच्या पडद्यापर्यंत, सगळ्यांची वाक्यं. बायको कामावर जाताना बघायची तेव्हा दुसरा अंक चालू असायचा, परत आली की तिसरा. हाक मारली की “हो” म्हणायचे, पण ते ‘हो’ सुद्धा कुठल्याशा नाटकातलं वाटायचं.

लेकीने आईला न विचारताच टीव्हीवरच्या पाककला स्पर्धेत आईचं नाव घातलं. “बाबांना घेऊन जा,” ती म्हणाली, “तेवढीच दोघांची हवापालट.”

वहिनी ती स्पर्धा जिंकल्या, आणि सगळ्या फेऱ्यांना कुजबुजराव सवयीने पडद्याआड उभे राहून त्यांच्या पायांकडे बघत होते. हे ‘वहिनी’ नावही तिथलंच. सूत्रसंचालक त्यांना पहिल्या फेरीपासून वहिनी म्हणायला लागला आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. सगळ्या फेऱ्या त्यांनी तोंडातून अक्षर न काढता पार केल्या. बाकीचे स्पर्धक लहानपणीच्या आठवणी सांगून डोळे पुसायचे, वहिनी कांदा चिरूनही पुसायच्या नाहीत. शेवटच्या फेरीत त्यांनी कांद्याचं सूप आणि शिळ्या पावाचं पुडिंग केलं. परीक्षकांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि गुण लिहायचे सोडून बश्या चाटूनपुसून साफ केल्या.

बक्षीस हातात देऊन सूत्रसंचालक म्हणाला, “वहिनी, आता तरी दोन शब्द बोला!”

वहिनींनी समोर बसलेल्या गर्दीकडे बघितलं. इतकी माणसं ताटकळत बसलीत आणि आपण कुणाला पाणीसुद्धा विचारलं नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं. त्या म्हणाल्या, “जेवून जा.”

हेच ते दोन शब्द. दुसऱ्या दिवशी दुकानात, बसमध्ये, शाळेच्या फाटकाशी जो तो एकमेकांना “जेवून जा” म्हणत होता. आठवड्याभरात त्या टीव्ही वाहिनीने त्यांना स्वतःचा कार्यक्रम देऊ केला.

आणि तिथे नाव बुडायची वेळ आली.

चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी वहिनी नव्या साडीत, नव्या ओट्यामागे उभ्या राहिल्या. निर्मातीबाई तरुण, चटपटीत, बोलताना पेन हवेत फिरवणारी. ती म्हणाली, “वहिनी, करता करता सांगायचं बरं का. जे करताय तेच बोलायचं. सोप्पं आहे.”

वहिनींनी गाजर घेतलं. म्हणाल्या, “हे गाजर.” आणि हात थांबला. मग हात चालू झाला आणि तोंड थांबलं. पुन्हा घेतलं. तोंड चालू ठेवलं, तर भांड्यात मीठच पडलं नाही. पुन्हा घेतलं. मीठ पडलं, ते दोनदा. गाजरांची पोती संपत आली. दिवेवाला खुर्चीवर डुलक्या काढायला लागला. निर्मातीबाईचं पेन हवेत फिरायचं थांबलं आणि तिच्या दातांत गेलं.

कुजबुजराव पिशवी सांभाळत कोपऱ्यात बसले होते. त्यांनी बायकोकडे बघितलं. तोंडाकडे नाही, पायांकडे. टाचा उचललेल्या. जवळजवळ तरंगतच होती बिचारी.

पुढच्या वेळी दिवे लागले तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीवर नुसती पिशवी होती. वहिनींनी गाजर उचललं, आणि त्यांच्या पोटाच्या खालून, प्लायवूडच्या ओट्याच्या आतून, ओळखीची कुजबुज आली, “गाजर कोवळं घ्यायचं... नखाने दाबून बघायचं...”

“गाजर कोवळं घ्यायचं,” वहिनी म्हणाल्या, “नखाने दाबून बघायचं.” हात चालूच राहिला! आयतं वाक्य मिळालं की तोंडाला विचार करावा लागत नव्हता, आणि हाताला तर तो कधीच करावा लागला नव्हता. भाग एका दमात पार पडला. शेवटी वहिनी आपणहून म्हणाल्या, “जेवून जा.”

निर्मातीबाई टाळ्या वाजवत पुढे आली आणि ओट्याखालून एक म्हातारा गाजराची सालं झटकत बाहेर निघालेला बघून किंचाळलीच. “हे कोण?”

“आमचे हे,” वहिनी म्हणाल्या. “हे असतील तर मी आहे.”

तेव्हापासून कुजबुजरावांना पुन्हा विंग मिळाली. उभी होती ती बसकी झाली, एवढाच फरक. ओट्याला आतून गादीचा तुकडा ठोकला, डोकं आपटू नये म्हणून. मांडीवर सालांची परात. घरी आदल्या दिवशी दोघं तालीम करायची. बायको सांगायची, हे उतरवून घ्यायचे, आणि मग वाक्याला वाक्य भिडायचं.

“ ‘मंद आचेवर परतावे’ काय लिहिलंय? मी कधी असं बोलते का?”

“मग काय बोलतेस?”

“घाई करू नका, करपेल.”

“बरं, ‘घाई करू नका, करपेल.’ पण ते मला म्हणतेस की लोकांना?”

खिडकीपाशी बसून ओठ हलवणं संपलं. आणि ओट्याखाली आणखी एक रिवाज सुरू झाला. पदार्थ होत आला, की वहिनींचा डावा हात अलगद खाली यायचा. त्यात चमचा. कुजबुजराव चाखायचे. बरं झालं असेल तर चमचा चाटून परत, काही कमी असेल तर चमच्याने सिलिंडरवर टिचकी. कॅमेऱ्याला वाटायचं, वहिनी पदराला हात पुसतायत.

वहिनींचं नशीब फळफळलं. पहिल्या वर्षाचा कार्यक्रम दुसऱ्या वर्षावर गेला, दुसऱ्याचा तिसऱ्यावर. पाककृतींचं पुस्तक निघालं. कढयांच्या खोक्यावर त्यांचा फोटो आला, त्यात त्यांना इतकं गोरं केलं होतं की लेक म्हणाली, “आई, तुला तापच आलाय यात.” दुकानांची उद्घाटनं करायला बोलावणी यायची. वहिनी फीत कापायच्या आणि कात्री कुठे ठेवली ते विसरून पर्समध्ये घालून घरी आणायच्या. घरात कात्र्यांचा डबाच झाला.

पण लोकांना सगळ्यात जास्त आवडायचं ते वहिनींचं थांबणं. करता करता त्या मध्येच थांबायच्या, मान भांड्याकडे कलती करायच्या, आणि कान देऊन काहीतरी ऐकायच्या. मग “हं” म्हणून पुढे. एका वर्तमानपत्रात कुणा जाणकाराने लिहिलं की, या बाई अन्नाशी बोलत नाहीत, अन्नाचं ऐकतात. झालं! घरोघरी बायाबाप्ये पातेल्यांना कान लावायला लागले. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने भाताचं इतक्या जवळून ऐकलं की कानाची पाळी भाजून घेतली. वर येऊन म्हणाला, “वहिनी, भात काही बोलला नाही हो!”

“तुमच्याशी नसेल बोलायचं त्याला,” वहिनी म्हणाल्या, आणि कानाला लावायला थंड पाण्याचा बोळा दिला. आतल्या खोलीत कुजबुजराव उशीत तोंड खुपसून हसत होते.

कार्यक्रम चांगला रुळला होता तेव्हाची गोष्ट. मटाराच्या सुपाचा भाग होता. वहिनी थांबल्या. कुजबुजरावांच्या ओठांवर ‘मीठ’ आलं, आणि सवयीने त्यांनी पायांकडे बघितलं. टाचा जमिनीला घट्ट.

त्यांनी ‘मीठ’ सांगितलं. वहिनी “हं, मीठ” म्हणाल्या. पण कुजबुजरावांचं मन तिथेच अडकलं. पुढच्या थांब्याला पुन्हा बघितलं. टाचा घट्ट. त्याच्या पुढच्या भागात, त्याच्याही पुढच्या. दर वेळी तेच. ही बाई विसरत नव्हती. हिला सगळं येत होतं, आणि कोण जाणे कधीपासून येत होतं.

ते दोन दिवस घुश्शात होते. आपल्याला खुळ्यात काढतेय की काय ही? तिसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं, बघूच. त्या भागात वहिनी थांबल्या, मान कलती केली, आणि कुजबुजराव गप्प बसले. वहिनी थांबूनच राहिल्या. वर भांडं खदखदत होतं. निर्मातीबाईचं पेन दातांत गेल्याचं खालीसुद्धा कळलं. बुडाला लागल्याचा वास यायला लागला. टाचा घट्ट जमिनीला, आणि बाई हलायला तयार नाही. भांड्यातलं करपून कोळसा झालं असतं तरी ती हलली नसती, कुजबुज आल्याशिवाय मीठ पडलं नसतं.

“मीठ,” कुजबुजराव म्हणाले. त्यांचा आवाज जरा ओला झाला होता.

“हं, मीठ,” वहिनी म्हणाल्या.

कुजबुजरावांना घरची खिडकी आठवली. तिथली आपली खुर्ची आठवली. मग त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ती थांबायची, हे सांगायचे. ती विसरल्याचं नाटक करायची, हे खरं मानल्याचं. दोघांनी मिळून एक नाटक लावलं होतं, आणि तसलं नाटक बंद पाडणारा माणूस कंपनीत कधी जन्मला नव्हता.

असं बरीच वर्षं चाललं. मग दिवस पालटले. आगीचे भपकारे उडवणारे, बशीत फेस काढणारे तरुण स्वयंपाकी आले. वहिनींचा कार्यक्रम संध्याकाळवरून दुपारवर गेला, दुपारवरून सकाळवर. आणि एके दिवशी निर्मातीबाई घरीच आली. तिच्याही केसांत आता पांढरं दिसत होतं.

“वहिनी, कार्यक्रम नव्याने करायचाय. प्रेक्षकांसमोर, थेट. रेकॉर्डिंग नाही, कापाकापी नाही.” ती चहाच्या कपाकडे बघत म्हणाली, “आणि ओटा काचेचा आहे.”

“काचेचा?”

“आरपार. सगळं दिसलं पाहिजे म्हणतायत. नवीन मालकांची अट आहे. काका,” ती कुजबुजरावांकडे वळली, “तुम्हाला पहिल्या रांगेतली खुर्ची. मानाची.”

“मग मी नाही करत,” वहिनी म्हणाल्या. “प्लायवूड असेल तर सांगा.”

“प्लायवूड नसेल वहिनी. हे नाही झालं तर कार्यक्रमच नसेल. मला उद्या सांगायचंय त्यांना.”

ती गेल्यावर वहिनी कपबश्या विसळत बसल्या. धुतलेली कपबशीच परत परत विसळत होत्या. कुजबुजरावांना दिसत होतं काय होणार ते. ही बाई आपल्या पायी कार्यक्रम सोडणार. हिचे हात दिव्यांखाली कसे चालतात ते त्यांना ठाऊक होतं. ते हात त्यांच्यासाठी घरी येऊन बसणार, आणि मग खिडकीत दोन खुर्च्या लागणार. ‘तुला मी लागत नाही, मला माहीत आहे,’ एवढं बोललं की काम झालं असतं. पण ते बोलायचं म्हणजे इतक्या वर्षांचं नाटक भर प्रयोगात बंद पाडायचं.

तेव्हा प्रॉम्प्टरने जन्मात पहिल्यांदा अभिनय केला.

“मी सांगणारच होतो,” ते गुडघा चोळत म्हणाले. “आता काही बसवत नाही गं खाली. गुडघे गेले.”

वहिनींनी नळ बंद केला. “कधी?”

“झाले की बरेच दिवस. तुला कशाला सांगायचं म्हणून... आई गं.”

“उजवा की डावा?”

कुजबुजराव गडबडले. “दोन्ही.”

वहिनींनी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांकडे बघितलं. मग म्हणाल्या, “बरं.” आणि दुसऱ्या दिवशी निर्मातीबाईला होकार कळवला. कुजबुजराव त्या दिवसापासून घरात लंगडायला लागले. कधी उजव्या पायाने, कधी डाव्या, आठवेल तसे.

थेट कार्यक्रमाच्या सकाळी सभागृह भरलं होतं. कुजबुजराव पहिल्या रांगेत, मांडीवर पिशवी. शेजारी लेक. इतक्या वर्षांत ते कधी प्रेक्षकांत बसले नव्हते, हात कुठे ठेवायचे तेच कळेना. पडदा वर गेला, आणि काचेच्या ओट्यामागे, नखशिखान्त दिसणारी, त्यांची बायको उभी होती.

सवयीप्रमाणे त्यांची नजर आधी खाली गेली. रोजच्याच सपाट चपला, टाचा घट्ट. मग त्यांनी नजर वर उचलली, आणि तिथेच राहिली.

काम करताना तिचा चेहरा त्यांनी कधी बघितलाच नव्हता. लग्नानंतर घरात बघितली ती पाठमोरी, चुलीकडे तोंड करून. टीव्हीवर बघायची सोय नव्हती, कारण कार्यक्रम लागला की ते आपली वाक्यं मोजत बसायचे. आता बघत होते. कांदा चिरताना तिची जीभ ओठांच्या कोपऱ्यात यायची, लहान मुलीसारखी. वाफ तोंडावर आली की ती डोळे मिटून हसायची. आणि बोलत होती! कुणी न सांगता, घडाघडा. “घाई करू नका, करपेल,” म्हणाली तेव्हा लोक हसले. कुजबुजरावांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. लेकीने त्यांच्या हातावर हात ठेवला.

“बाबा, रडताय?”

“कांदा आहे.”

आणि मग वहिनी थांबल्या. मान भांड्याकडे कलती केली. सभागृह गप्प झालं, सगळ्यांना हे ठाऊकच होतं. टीव्हीवर असायचं तेवढं थांबणं झालं. त्याहून जास्त झालं. कुणीतरी खोकलं. कडेला निर्मातीबाईचं पेन दातांत गेलं. कुजबुजरावांनी धसकून काचेतून खाली बघितलं.

टाचा उचललेल्या होत्या.

कागद सरकेल एवढ्या. ही खरंच विसरली. इतक्या माणसांसमोर, थेट, आणि आपण इथे पिशवी घेऊन बसलोय. इथून कुजबुज पोचणार नाही. प्रॉम्प्टरचा आवाज प्रेक्षकांनी ऐकला तर त्याने पुन्हा विंगेत उभं राहू नये, असा नियम. तरीही ते आयुष्यात पहिल्यांदा सभागृहात तोंड उघडून मोठ्याने बोलले,

“मीठ!”

कुजबुज सांभाळून सांभाळून खाली दडपलेला आवाज एकदम सुटला तो असा, की छतावरची दिव्यांची दांडी थरथरली. सगळं सभागृह वळून बघायला लागलं.

वहिनींनी मान वर केली. कमरेवर हात ठेवला.

“मीठ मघाशीच घातलं हो! लिंबू राहिलंय. लक्ष कुठे होतं तुमचं?”

सांगायला विंगेत कुणी नव्हतं, म्हणून जे होतं तेच कुजबुजरावांच्या तोंडातून निघालं. “तुझ्या तोंडाकडे बघत होतो.”

मग जो हशा उसळला, ज्या टाळ्या पडल्या, त्या थांबेचनात. वहिनी लाजल्या. ओट्याची काच पदराने पुसायला लागल्या, काही सांडलेलं नसताना. मग त्यांनी चमचा भरला, आणि डावा हात सवयीने खाली जायला निघाला तो काचेला आपटला. मग चमचा सरळ समोर धरला.

“या. चाखून सांगा.”

कुजबुजराव उठले, आणि रंगमंचाच्या पायऱ्या तरुण नटाच्या ऐटीत तडातडा चढून वर पोचले.

“गुडघे बरे झाले वाटतं,” वहिनी म्हणाल्या. हे मात्र इतक्या हळू, की पहिल्या रांगेतल्या लेकीलाही ऐकू गेलं नाही. घरातल्या प्रॉम्प्टरकडून त्याही काही शिकल्या होत्या.

कुजबुजरावांनी चमचा तोंडात घातला, मान हलवली, आणि चमचा चाटून परत दिला. वहिनी कॅमेऱ्याकडे वळल्या. “जेवून जा.”

निर्मातीबाईने तिथल्या तिथे ठरवून टाकलं की पुढच्या वेळेपासून काकांची खुर्ची वर, ओट्याच्या शेजारी. काका बसतील, चुका काढतील, वहिनी ऐकवतील. लोकांना तेच हवंय. कुजबुजराव म्हणाले, “मला माणसांसमोर बोलता येत नाही.” कुणी ऐकूनच घेतलं नाही.

संध्याकाळी घरी दोघंच होते. वहिनी चपला काढून, पाय बादलीतल्या कोमट पाण्यात सोडून बसल्या होत्या. कुजबुजरावांच्या डोक्यात सकाळपासून एकच प्रश्न फिरत होता. मीठ घातलेलं होतं. लिंबू राहिलंय हे तिला ठाऊक होतं. म्हणजे विसरली काहीच नव्हती. मग टाचा?

“आज टाचा उचलल्या होत्यास,” ते शेवटी म्हणाले.

“चपला नव्या होत्या. चावत होत्या.”

कुजबुजरावांनी दाराकडे बघितलं. तिथे पडलेल्या चपला त्यांच्या चांगल्या ओळखीच्या होत्या. डाव्या चपलेच्या अंगठ्याशी गाजराचा जुना डाग होता. ती खूण त्यांनी जन्मात कुणाला सांगितली नव्हती, मग हिला कळली कशी? केव्हापासून? विचारावं असं फार वाटलं. पण नट का थांबला होता, हे प्रयोगानंतर नटाला विचारायचं नसतं. ते ओळखायचं असतं, नाहीतर तलवार खायची.

वहिनी उठल्या, ओले पाय पुसले आणि चहा ठेवला. पाणी उकळलं. त्या थांबल्या, आणि मान भांड्याकडे कलती केली.

कुजबुजराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. टाचा फरशीला घट्ट होत्या. त्यांनी घाई केली नाही. थांबणं पुरतं रंगू दिलं. मग आपल्या जुन्या, ठेवणीतल्या कुजबुजीत म्हणाले,

“साखर.”

“हं, साखर,” वहिनी म्हणाल्या.